उताराचे सरपंच

वांग्याच्या रोपाचं उद्घाटन झालेलं तुम्ही कधी पाहिलंय का? मी पाहिलंय. नारळ होता, हार होता, उदबत्ती होती आणि कापायला फीतही होती. ही फीत म्हणजे आमच्या मुलीच्या वेणीची लाल रिबीन. ती "दोन मिनिटांत आणून देतो" म्हणून नेलेली आणि दोन तुकडे होऊन परत आलेली. श्रोत्यांमध्ये प्रमुख पाहुणे म्हणून आमचे हे, हातात कुदळ घेतलेला वॉचमन सर्जेराव आणि वाळूच्या ढिगावर बसलेली एक शेळी. एवढ्या जनसमुदायाला आमचे शेजारी उत्तमराव यांनी "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणून हाक घातली. भगिनी म्हटलं तर मी, पण मी आपल्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. तेव्हा भगिनी ती शेळीच.

भाषण बराच वेळ चाललं. त्यात देश आला, जिल्हा आला, तरुण पिढी आली. वांगं अगदी शेवटी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोप नव्हतं. शेळी होती. उत्तमरावांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष स्वतः, सदस्य सर्जेराव. समितीचा निष्कर्ष असा निघाला की, "ह्यात विरोधकांचा हात हाय."

आता हा सगळा तमाशा कुठं चालला होता ते सांगते. बीडच्या कडेला माळ फोडून आमची सोसायटी उभी राहिली, तेव्हा शहरात डिश अँटेना आणि पिवळ्या एसटीडी बूथच्या पाट्या नुकत्या दिसायला लागल्या होत्या. बिल्डरनं दाखवलेल्या रंगीत चित्रात दोन इमारतींच्या मध्ये हिरवळ होती, कारंजं होतं आणि फ्रॉक घालून पळणारी एक मुलगी होती. राहायला आलो तर तिथं मुरूम, विटांचे तुकडे आणि गाजरगवत. जागा थोडी उताराची होती. उतार इतका मवाळ की चालणाऱ्याला कळायचाही नाही. पाण्याला मात्र तो चांगलाच कळायचा. आणि उताराच्या पायथ्याशी, जिथं वरचं सगळं येऊन थांबतं, तिथं आमचं तळमजल्यावरचं घर.

त्या उतारावर उत्तमराव आले. ते उमापूरच्या पलीकडच्या कुठल्याशा गावचे. मुलानं घेतलेला फ्लॅट रिकामा होता, कारण मुलगा बदलीच्या गावी. हे एकटेच राहायला आले. पहिल्या दिवशी आमच्या दारात उभे राहिले आणि नाव न सांगता म्हणाले, "मी सरपंच."

"कुठले?" मी विचारलं.

"हायेच की आपलं गाव. तुमी काय काम असलं तर सांगा. ते आमच्यावर सोडा, विषय संपला."

हे त्यांचं पालुपद. विषय सुरू व्हायच्या आधीच ते तो संपवायचे.

"इकडं कसं येणं केलंत?" असं ह्यांनी विचारल्यावर म्हणाले, "बीपी हाय. डॉक्टर म्हणले, हवापालट करा." बीडला हवापालटासाठी आलेला माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. इथले लोक हवापालटाला दुसरीकडं जातात, तेही परवडलं तर.

राहणी मोठी रुबाबदार. कडक इस्त्रीचं पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात काठी. काठीचा उपयोग चालण्यासाठी नव्हता, दाखवण्यासाठी होता. "हितं खांदा. तितं नको. जरा वर. आता खाली." काठी फिरायची आणि बिचारा सर्जेराव खांदत फिरायचा. उत्तमरावांनी स्वतः कधी मातीला हात लावल्याचं मला आठवत नाही. त्यांचं बागकाम म्हणजे मार्गदर्शन.

पहिल्याच महिन्यात गावाकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून काळी माती आली. मग रोपं आली. जास्वंद, मोगरा, पेरू, कढीपत्ता, सीताफळ, वांगी, मिरच्या, जे मिळेल ते. प्रत्येक रोपाला एक पाहुणा, एक नारळ आणि एक भाषण. आणि प्रत्येक रोपाशेजारी पत्र्याची एक पाटी. पाटीवर रोपाचं नाव नाही, उद्घाटकाचं. "श्री. साळुंके सर यांच्या शुभहस्ते" ही पाटी आमच्या ह्यांची. तिच्याशेजारी शेळीनं शिल्लक ठेवलेली काडी पंधरवड्यात वाळून गेली, पण पाटी टवटवीत. शाळेतली पोरं येता-जाता त्या काडीला "नमस्ते सर" म्हणायची. हे आठवडाभर मागच्या बाजूनं घरी येत होते.

खरी गंमत लावणीत होती. उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ रांगा. रांगांच्या मधे पाण्याच्या सरळ सऱ्या, वरून थेट खाली. फाटकातून बघणाऱ्याला कवायतीसारखं दिसलं पाहिजे, हा हिशोब. मी शेतकऱ्याची मुलगी नाही, सरकारी कचेरीत टायपिस्ट आहे. पण पाणी कुठल्या दिशेला जातं एवढं टायपिस्टला पण कळतं.

"उत्तमराव, ह्या सऱ्या सगळ्या माझ्या दारात उघडायल्यात," मी सांगून बघितलं.

"साळुंकेबाई, पाणी वरून खालीच येनार. निसर्ग हाय. त्याला आमी काय करावं?"

"सऱ्या आडव्या पाडा."

"आडव्या कावून? फाटकातून दिसंल का? तुमी काळजी सोडा. ते आमच्यावर सोडा, विषय संपला."

विषय भाद्रपदात आमच्या घरात आला. एकाच दुपारी असा पाऊस कोसळला की वरची काळी माती, खत, मिरच्यांची रोपं आणि "शुभहस्ते"च्या दोन पाट्या आमच्या उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात शिरल्या. ज्वारीचं पोतं खालून भिजलं. मुलीच्या शाळेच्या वह्यांचा लगदा झाला. मी पदर खोचून झाडू मारत होते. उत्तमराव छत्री घेऊन आले. सोबत सर्जेराव. दारात उभे राहून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, जीभ टाळूला लावून "च् च्" केलं आणि म्हणाले, "लई नुकसान झालं. आमी पाहणी केली."

मग गेले.

संध्याकाळी परत आले. मला वाटलं, हात लावायला आले. म्हणाले, "ती माती वाया घालवू नका बरं. लांबून आनलेली हाय. घमेल्यात भरून ठिवा, सर्जेराव घिऊन जाईल."

त्या दिवसापासून मी त्या बागेची शत्रू झाले. आणि मला फार वाट बघावी लागली नाही.

दिवाळीनंतर आमचे सेक्रेटरी मुळे यांनी चारचाकी घेतली. सोसायटीतली पहिलीच. गाडीला झोप लागेल अशी जागा मिळेना, तेव्हा मुळेंना साक्षात्कार झाला की बाग ही काळाच्या मागची गोष्ट आहे. उतार सपाट करायचा, वर काँक्रीट ओतायचं, पार्किंग करायचं. तोवर दर दोन घरांमागं एका घरात स्कूटर किंवा लूना आलीच होती, त्यामुळं मुळेंना माणसं मिळाली. पहिली मी. काँक्रीट म्हणजे माती नाही, आणि माती नाही म्हणजे माझी ज्वारी कोरडी. रविवारी सकाळी सभा घेऊन मतं घ्यायचं ठरलं.

उत्तमरावांचा रंगच बदलला. पाऊस संपल्यापासून मरगळलेला माणूस इस्त्री दुप्पट करून घरोघर हिंडायला लागला. हात जोडून दारात उभे. "ताई, लक्ष असू द्या." ज्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते त्यांच्या पोरांना उचलून घेतलं. दोन्ही इमारतींत कोण कुणाच्या शब्दाबाहेर नाही याची चौकशी केली. आणि प्रत्येक घरी फुलकोबीचा एक गड्डा. "आपल्या बागंतला हाय."

आमच्या दारीही आले. मी गड्डा हातात घेऊन उलटा केला. देठाला मंडईतली सुतळी तशीच होती.

"उत्तमराव, आपल्या बागेत फुलकोबी कधी लावली होती?"

त्यांनी सुतळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि अजिबात न लाजता म्हणाले, "लावायची हाय."

गड्डा मी ठेवून घेतला. मत मुळेंनाच द्यायचं होतं.

रविवारी सभा बागेतच भरली. सतरंज्या उताराला अंथरलेल्या, त्यामुळं सगळे हळूहळू मुळेंच्या दिशेनं सरकत होते, आणि उत्तमरावांना तो राजकीय कल वाटत होता. ते बोलायला उभे राहिले. "बंधूंनो आणि भगिनींनो." देश आला, जिल्हा आला. लोक घड्याळं बघायला लागले. टीव्हीवर मॅच होती.

तेवढ्यात फाटकाशी धुळीनं माखलेली एक जीप थांबली. हिरव्या लुगड्यातली, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई सावकाश उतरली. मागून तिची पिशवी घेऊन ड्रायव्हर. सर्जेरावानं त्याला अडवून कोण-कुठले विचारलं.

"सरपंच आल्यात," ड्रायव्हर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उद्या कचेरीत टंचाईची बैठक हाय. आज हितं मुक्काम."

"सरपंच तर इथंच आहेत की," मुळे म्हणाले आणि उत्तमरावांकडं बोट केलं.

ड्रायव्हर हसला. "ते माजी. ह्या आजी."

सतरंजीवर असा हशा पिकला की वरच्या मजल्यांवरून पोरं डोकावली. मी तर तोंडाला पदर लावून हसले. वर्षभर हा माणूस आमच्या डोक्यावर सरपंच म्हणून मिरवत होता, आणि सरपंच होती बायको! ड्रायव्हरनं पुढचंही सांगून टाकलं: गावची जागा बायकांसाठी राखीव झाली तशी यांनी बायकोला उभं केलं होतं, प्रयागबाईंना. म्हणजे बीपी वगैरे काही नाही. खुर्ची गेली म्हणून पळून आलेला माणूस. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

उत्तमराव भाषणाच्या मधेच उभे. टोपी नीट केली.

प्रयागबाई माझ्या शेजारी सतरंजीच्या कडेला टेकल्या. पाणी प्यायल्या. मग सऱ्यांवरून नजर फिरवत खाली आमच्या दारापर्यंत आल्या आणि हळूच मला विचारलं, "बाई, ते घर कुनाचं?"

"माझंच."

"पावसाळ्यात माती येती का आत?"

"माती? भाजी लावता येईल इतकी येते."

"आन् हे काँक्रीट केलं तर?"

"तर माती येणार नाही."

"माती येनार न्हाई," त्या म्हणाल्या, "पानी येईल. आता निम्मं तरी जमिनीत मुरतंय. काँक्रीटवरून सगळंच्या सगळं पळत येईल."

हा विचार ना मला सुचला होता ना मुळेंना. "अहो, मग हे मोठ्यानं बोला की," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. तोंडापर्यंत आलेलं जणू परत आत गेलं. पदर ओढून त्या मातीत बोटानं रेघा मारायला लागल्या.

उत्तमराव काठी टेकत म्हणाले, "मी जरा वर टाकीकडं बघून येतो. वॉल उघडा राहिला वाटतं." आणि चालू लागले. हरणार हे दिसल्यावर पाण्याच्या टाकीमागं लपायला निघालेला पुढारी मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. मुळे डोळा घालून म्हणाले, "गेले सरपंच." पुन्हा हशा.

उत्तमराव टाकीमागं दिसेनासे झाले आणि प्रयागबाई उभ्या राहिल्या.

"दादा, मी काय म्हनते, ऐकता का?"

"पण तुम्ही सभासद नाही," मुळे म्हणाले. नियमाला मुळे फार पक्के, विशेषतः स्वतःच्या सोयीच्या.

"न्हाई ना. म्हनून तर खरं बोलते. मला कुनाचं मत मागायचं न्हाई."

बाई बोलल्या ते पाच मिनिटं, जास्त नाही. आवाज चढवला नाही, देश आणला नाही, जिल्हा आणला नाही. खाली फाटकाजवळ सपाट पट्टा आहे, गाड्या तिथं लावा. वर काँक्रीट केलंत तर ह्या बाईंच्या घरात तळं होईल, आणि मग ह्या बाई तुम्हाला झोपू देणार नाहीत. सऱ्या आडव्या करा, कडेला दगड रचा, माती जागेवर थांबेल. "आन् ह्या सऱ्या ज्यानं पाडल्या ना," त्या जरा थांबल्या, "त्याला मी वळखते. त्याला आजपतुर कुनी आडवं आलेलंच न्हाई, मंग आडवी सरी त्याला कशी सुचावी?"

लोक हसले, पण हे हसणं वेगळं होतं. मुळेंची गाडी फाटकाशी बसते का ते जाऊन बघितलं. बसत होती. मतं घ्यायची वेळच आली नाही. मी स्वतः मुळेंना सोडून दिलं, एका गड्ड्याच्या मोबदल्यात न दिलेलं मत पाच मिनिटांत फुकट दिलं.

सगळं आटोपल्यावर उत्तमराव टाकीमागून आले. "काय ठरलं?"

"ठरलं," मी म्हटलं. "विषय संपला."

त्यांनी बायकोकडं पाहिलं. ती पिशवी उचलून जिन्याकडं निघाली होती. ते तिच्या मागं गेले. मला वाटलं, आता घरात भांडण होणार. मी मुद्दाम जिन्यापाशी मिरच्या वाळत घातल्या. काही ऐकू आलं नाही.

सोमवारी मी कचेरीत गेले. सभागृहात टंचाईची बैठक चालू होती. टाइप केलेले कागद घेऊन मी व्हरांड्यातून जात होते. तिथला देखावा आम्हाला सवयीचा. आत खुर्च्यांवर पुरुष बसलेले, आपापल्या बायकोच्या वतीनं मुद्दे मांडणारे. आणि ज्या खऱ्या सरपंच होत्या त्या बऱ्याचशा बाहेर, भिंतीला टेकून, डबे सोडून, लेकरं मांडीवर घेऊन. कागदावर सही लागली की आतून हाक यायची, बाई उठायची, सही करून परत येऊन बसायची.

त्या बायकांच्या रांगेत एकच पुरुष. खिडकीशेजारी उभा. कडक इस्त्रीचं धोतर, काखेत बायकांची कापडी पिशवी, हातात पाण्याची बाटली. उत्तमराव.

मला तोंडावर आलेलं बोलायचंच होतं. "काय उत्तमराव, इथं काय पाहणी चाललीय?"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. आतून प्रयागबाईंचा आवाज येत होता. टँकर कुठल्या वस्तीवर येत नाही, का येत नाही, रस्ता कुणी अडवलाय. सरळ, एकामागं एक. समोरचे साहेब "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होते.

"लई चांगलं बोलती हो," उत्तमराव माझ्याकडं न बघता म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, त्यात भगिनी नव्हत्या, जिल्हा नव्हता.

"मग आत जाऊन बसा की. बाकीचे नवरे बसलेत."

"न्हाई." पिशवी काखेत सारखी करत म्हणाले, "पयलं वरीस मीच बसायचो. ती सही करायची. मंग मी तापानं पडलतो. चावडी आमच्या घराला लागूनच हाय. मीटिंग भरली, ती एकलीच गेली. मी बाजंवर पडल्या पडल्या ऐकायलो. म्हणलं, ही कोन बाई बोलायली? इतकं रास्त कोन बोलायलं? सुट्टीवर आलेल्या पोराला इचारलं. पोरगा म्हणला, आय हाय की." ते हसले. "इतकी वर्षं संसार केला, साळुंकेबाई. तिचा आवाज असा हाय हे मला ठाऊकच न्हवतं. मी बोलायचं थांबलोच न्हाई कधी, तर ऐकू कसा यावा?"

"मग?" मी कागद सावरत विचारलं.

"बरा झाल्यावर गेलो मीटिंगला, मागं जाऊन बसलो. काय बोललो न्हाई, शपथ. तर ही गप. लोक माझ्याकडं बघायले, ही पन माझ्याकडं बघायली. मी हललो तरी ही थांबायची. मंग काय करता? घर सोडलं." त्यांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. "तिला सांगितलं, बीपी हाय."

"त्यांना खरं कारण माहीत नाही?"

"सांगितलं तर येऊ देईल का ती? म्हनंल, चला घरी." मग म्हणाले, "एकट्यानं करमत न्हाई हो फ्लॅटमदी. भिंतीला काय बोलावं? म्हणून ते रोपं न् उद्घाटनं. तुमाला तरास झाला."

मी काही बोलणार तेवढ्यात आत कुणीतरी मोठ्या आवाजात प्रयागबाईंना मधेच तोडलं. "बाई, तुमच्या घरचे कुठं आहेत? त्यांना बोलवा, त्यांच्याशी बोलतो."

प्रयागबाई थांबल्या. खिडकीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी मान वळवली आणि बाहेर, आमच्याच दिशेला पाहिलं.

उत्तमराव झटकन खांबाच्या मागं सरकले. भिंतीला पाठ लावून, धोतराचा सोगा आत ओढून, पिशवी छातीशी धरून, श्वास रोखून उभे. एवढा मोठा माणूस, पण खांबाबाहेर त्यांनी टोपीचं टोकसुद्धा येऊ दिलं नाही.

प्रयागबाईंनी खिडकीत एकट्या उरलेल्या माझ्याकडं क्षणभर पाहिलं. मग त्या साहेबांकडं वळल्या.

"ते बाहेरगावी हायेत," त्या म्हणाल्या. "तुमी माझ्याशी बोला."